किनाऱ्यावर कुत्र्याचा पट्टा काढण्याआधी

सीवूड्सच्या एका गृहस्थांचा प्रश्न आहे. दीड वर्षाची लॅब्रेडॉर घेऊन ते रविवारी संध्याकाळी उरणच्या पीरवाडी किनाऱ्यावर गेले आणि मोकळी जागा पाहून तिचा पट्टा काढला. ती धावत सुटली ती थेट भेळ खात बसलेल्या एका कुटुंबात घुसली. पाच वर्षांचा मुलगा पडला, हातावर नखाचा ओरखडा उठला. मुलाच्या वडिलांनी कुत्रीला लाथ घातली, भांडण झालं, आणि जमलेल्यांपैकी कुणीतरी म्हणालं, ‘इथे कुत्रे आणायला बंदी आहे, माहीत नाही का?’ ते विचारतात: अशी बंदी खरंच आहे का? कुत्रा मोकळा सोडायचा मालकाला हक्क आहे का? आणि आता तिला समुद्रावर न्यायचं की नाही?

मी नेरूळला बावीस वर्षं पाळीव प्राण्यांचा दवाखाना चालवते. पाम बीच रस्त्याच्या दोन्ही अंगांना राहणारे निम्मे कुत्रे कधी ना कधी माझ्या टेबलावर येऊन गेलेत. त्यामुळे थोडं सविस्तर लिहिते.

कायद्याचं नंतर, आधी त्या मुलाचं. ओरखड्यातून रक्त आलं नसलं तरी रेबीजच्या हिशेबात तो दुसऱ्या श्रेणीत धरतात, आणि रक्त आलं असेल तर तिसऱ्या. वाहत्या पाण्याखाली साबण लावून पंधरा मिनिटं जखम धुणं हा पहिला उपचार. हळद, चुना, तिखट यातलं काहीही नाही. त्यानंतर डॉक्टरांना दाखवायचंच. ‘आमच्या कुत्रीला लस दिलेली आहे, काही होत नाही’ असं तुम्ही म्हणाला असाल तर ते चुकलं. मुलाला लस द्यायची की नाही हे त्याचे डॉक्टर ठरवतील, सरकारी रुग्णालयात ती मिळते. तुमच्याकडून त्यांना दोन गोष्टी हव्या असतात: कुत्रीच्या लसीच्या कार्डाचा फोटो, आणि पुढचे १० दिवस ती नीट खाते-पिते, वागण्यात काही बदल नाही याची खबर. दहाव्या दिवशी ती ठणठणीत असेल तर त्या आईबापांच्या जिवाला केवढा आराम पडतो, ते मी पाहिलेलं आहे. भांडणाच्या भरात फोन नंबर घ्यायचा राहतो. तुमच्याकडे त्यांचा नंबर असेल तर हे वाचणं थांबवा आणि आधी तो फोन करा.

आता नियमांकडे. ‘समुद्रकिनारा आणि कुत्रा’ असा एकच कायदा शोधायला गेलात तर हाती काही लागणार नाही. नियम तीन-चार ठिकाणी विखुरलेले आहेत. किनारा सगळ्यांचा, पण त्याची व्यवस्था त्या त्या ग्रामपंचायतीकडे, नगर परिषदेकडे किंवा महापालिकेकडे असते. त्यांनी फलक लावून कुत्रे आणायला मनाई केली असेल, ठरावीक वेळ दिली असेल, तर ते पाळायचं. फलक नसेल तर गर्दीतल्या कुणी तोंडाने ‘बंदी आहे’ म्हटल्याने बंदी होत नाही. पण बंदी नाही म्हणजे पट्टा काढायची मुभा आहे, असाही अर्थ निघत नाही. अ‍ॅनिमल वेल्फेअर बोर्डाने २०१५ साली सोसायट्यांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. सोसायटीला कुत्रा पाळायला बंदी घालता येत नाही हे त्यातलं वाक्य सगळ्या श्वानप्रेमींना तोंडपाठ आहे. सार्वजनिक जागी कुत्रा पट्ट्याने धरलेला असावा आणि त्याची शी मालकाने उचलावी, हा सल्लाही त्याच कागदात आहे. तो मात्र कुणी वाचून दाखवत नाही.

भारतीय न्याय संहितेचं कलम २९१ तुमच्या प्रसंगाला जवळचं आहे. आपल्या ताब्यातल्या जनावरापासून माणसाच्या जिवाला धोका किंवा गंभीर इजा होईल असं दिसत असताना जाणूनबुजून किंवा निष्काळजीपणाने बंदोबस्त न करणाऱ्याला ६ महिन्यांपर्यंत कैद, ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. तीस किलोची लॅब लाडाने अंगावर आली तरी पाच वर्षांच्या मुलाचं डोकं दगडावर आपटू शकतं. तिथे लाड होता की राग, हे कुणी विचारत नाही. आणि १९६० च्या प्राणी क्लेश प्रतिबंधक कायद्यात लाथ मारणं हा गुन्हा असल्याचं स्पष्ट लिहिलंय, म्हणून त्या वडिलांविरुद्ध तक्रार करावी का, असंही तुम्ही विचारलंय. करू नका. आपल्या पोराच्या अंगावर अनोळखी जनावर आलेलं पाहून बापाने पाय उचलला, तर त्याला क्रूरता म्हणायला माझं मन धजत नाही, आणि मी रोज जनावरांच्याच बाजूने उभी असते.

त्याच कायद्याच्या कलम ११ मध्ये आणखी एक पोटकलम आहे, ते मला फार मोलाचं वाटतं. कायम बांधून किंवा कोंडून ठेवलेल्या कुत्र्याला पुरेसा व्यायाम न देणारा मालकही गुन्हेगार ठरतो. म्हणजे चौदाव्या मजल्यावरच्या वन बीएचकेमधल्या लॅबला धावायला नेणं ही तुमची हौस नाही, तुमच्यावरची जबाबदारी आहे. म्हणून ‘समुद्रावर नेऊच नका’ असं मी कधीच सांगणार नाही. परवान्याचंही पाहून घ्या. नवी मुंबई आणि ठाणे, दोन्हीकडे महापालिकेकडून पाळीव कुत्र्याचा परवाना घ्यावा लागतो आणि त्यासाठी रेबीजच्या लसीचं प्रमाणपत्र लागतं. मी फिरताना त्याचा फोटो फोनमध्येच ठेवायला सांगते, कारण प्रसंग घडल्यावर घरी जाऊन कागद शोधायला कुणी वेळ देत नाही.

लिहिलेल्या नियमांपलीकडे किनाऱ्यावर माणसं असतात. पीरवाडीला किनाऱ्याजवळच दर्गा आहे. तिथे आलेल्या माणसाच्या कपड्यांना ओल्या कुत्र्याचं तोंड लागलं तर त्याला पुन्हा हातपाय धुवून शुद्ध व्हावं लागू शकतं. उत्तनला, करंजाला कोळणी वलांडीवर, म्हणजे बांबूंच्या उंच मांडणीवर, बोंबील वाळत घालतात, काही मासळी खाली जाळ्यावरही पसरलेली असते. तुमच्या कुत्र्याने एकदा पाय वर केला की त्या बाईची टोपलीभर मासळी गेली. कुणाला लहानपणी कुत्रा चावलेला असतो आणि पन्नाशीतही त्यांचे पाय लटपटतात. अशा माणसाला लांबून ओरडून ‘काही करत नाही हो ती!’ म्हणणं म्हणजे त्याची भीती खोटी ठरवणं. मी माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला हे वाक्य विसरायला सांगते. समोरून माणूस येताना दिसला की पट्टा आखूड करायचा, कुत्र्याला आपल्या अंगाकडच्या बाजूला घ्यायचं आणि जाऊ द्यायचं. त्यांनीच विचारलं ‘हात लावू का?’ तर गोष्ट वेगळी.

आता शी. यावर मी जरा जास्तच बोलते, पण वाळूत तिचं महत्त्व रस्त्यापेक्षा कितीतरी मोठं आहे. आपल्याकडच्या कुत्र्यांमध्ये अंकुशकृमी, म्हणजे हुकवर्म, सर्रास सापडतात. त्यांची अंडी शीतून बाहेर पडतात आणि उबदार, दमट, सावलीच्या वाळूत साधारण आठवड्याभरात त्यांच्या अळ्या तयार होतात. या अळ्या अनवाणी पायातून, किल्ला बांधायला बसलेल्या पोराच्या मांडीतून कातडीत शिरतात. माणसाच्या शरीरात त्यांना पुढची वाट सापडत नाही, म्हणून त्या कातडीखालीच नागमोडी सरकत राहतात. लाल, प्रचंड खाजणारी रेघ रोज थोडी पुढे जाते. ‘कोकणात जाऊन आलो आणि नायटा झाला’ म्हणून मलम लावत बसलेल्या काही जणांना हेच झालेलं असतं.

यातली दिलासा देणारी गोष्ट अशी की ताजी शी यातलं काही करत नाही. अळी व्हायला दिवस लागतात. तेव्हाच उचललीत तर साखळी तिथेच तुटते. म्हणूनच पायाने वाळू ओढून ती पुरून टाकणं सगळ्यात वाईट. वर उन्हात सुकून गेली असती, ती आपण ओलाव्यात आणि सावलीत जपून ठेवली. ‘भरती नेईल वाहून’ हेही मनाचं समाधान. कुत्रे भरतीरेषेच्या वरच्या कोरड्या वाळूत बसतात, पाणी तिथवर येतच नाही. पिशवी न्या, वर्तमानपत्र न्या, काहीही न्या, पण उचलून आणा, आणि कचरापेटी नसेल तर घरापर्यंत आणा. मोठ्या कुत्र्याला दर तीन महिन्यांनी जंताचं औषध द्या. किनाऱ्यावर जाणाऱ्यांनी यात चुकारपणा करू नये.

तुम्ही सीवूड्सला राहता म्हणजे रोजचं फिरणं पाम बीचच्या बाजूलाच असणार. आपला ‘किनारा’ खाडीचा आहे आणि त्याचे नियम वेगळे आहेत. वाशीचं मिनी सीशोअर, सागर विहार इथे संध्याकाळी चालायलाही जागा नसते. तिथे आखूड पट्टा, त्यावर चर्चाच नको. खरी काळजी टीएस चाणक्य या सागरी प्रशिक्षण संस्थेच्या मागच्या पाणथळीची आणि सारसोळे, करावे जेट्टीकडच्या कांदळवनाची आहे. ऐरोली पूल ते वाशी पूल या पट्ट्यातली खाडी २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य झाली आणि २०२२ मध्ये जगभरातल्या महत्त्वाच्या पाणथळींच्या रामसर यादीत गेली. अभयारण्यात परवानगीशिवाय माणसालाही शिरता येत नाही. पण फ्लेमिंगो सीमारेषा पाहून बसत नाहीत. भरतीच्या वेळी खाडीतला चिखल पाण्याखाली गेला की ते आणि छोटे चिखलपायी पक्षी आपल्या बाजूच्या तळ्यांवर विसावायला येतात. चोच चिखलात घालून खाण्याचे तास त्यांना ओहोटीपुरतेच मिळतात, मधला वेळ विश्रांतीचा. मोकळा कुत्रा बांधावरून भुंकत धावला की अख्खा थवा उठतो. एकदा उठला, दोनदा उठला, की साठवलेली ताकद उडण्यातच जाते. एप्रिल-मे महिन्यात परतीचा लांबचा पल्ला गाठणाऱ्या पक्ष्याला ती परवडत नाही. नोव्हेंबर ते मे या काळात तिथे कुत्रा नेऊच नये असं माझं ठाम मत आहे. लोक कॅमेरा घेऊन तासन् तास गप्प बसतात आणि आपण एक चेंडू फेकून त्यांची सकाळ घालवतो, हे तर वेगळंच.

चिखलाचंही सांगते. वरून घट्ट दिसतो, पाय टाकला की पोटापर्यंत जातो. काही वर्षांपूर्वी एका जेट्टीवरून खेकड्यामागे उतरलेला बीगल असा रुतला. मालक त्याला काढायला उतरले तर तेही रुतले. भरती चढत होती. होडीतल्या दोन आगरी पोरांनी फळी टाकून दोघांना ओढून काढलं. बीगलच्या चारही पंज्यांना कालवांच्या कपच्यांनी चिरा पडल्या होत्या, टाके घालायला मला दोन तास लागले. त्या पोरांचे आभार मानायला तो माणूस आजही दिवाळीला मिठाई घेऊन जेट्टीवर जातो.

समुद्रावर जाताना दवाखान्यातली बाई म्हणून मला चार गोष्टींची धास्ती असते. पहिली ऊन. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, तो धापा टाकून अंग थंड करतो आणि दमट हवेत तो उपायही लंगडा पडतो. पग, शिह त्झू, फ्रेंच बुलडॉग असल्या चपट्या नाकाच्यांना तर दुप्पट त्रास. तळहाताची मागची बाजू वाळूवर पाच-सात सेकंद टेकवून पाहा. तुम्हाला सोसत नसेल तर त्याचे पंजेही भाजणार. मार्च ते मे आणि ऑक्टोबरमध्ये सकाळी आठनंतर किनारा बंद. जीभ लांब, गडद लाल, चाल डगमगती झाली, उलटी झाली, तर आधी तिथेच पोटावर, जांघेत, पंज्यांवर गार पाणी ओता, वारा घाला, मग गाडीत घाला. कुत्र्याचं नेहमीचं तापमान १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं. १०६ च्या पुढे गेलेला कुत्रा वाचवताना माझेही हात कापतात, आणि तो थंड न करता तासभर गाडीत आणलेला असतो तेव्हा बहुतेकदा उशीर झालेला असतो.

दुसरी, खारं पाणी. लाटेत चेंडू पकडताना प्रत्येक वेळी घोटभर पाणी पोटात जातं. आधी जुलाब, उलट्या, प्रमाण वाढलं तर रक्तातलं मीठ वाढून झटकेही येतात. घरचं पाणी न्या, दर पंधरा-वीस मिनिटांनी पाजा. तिसरी, जाळ्यातून टाकून दिलेली मासळी. फुगलेला केंड मासा विषारी असतो, शिंगाळ्याचा काटा घशात रुततो, पाकटाच्या शेपटीची नांगी मेल्यावरही लागते. जुलै-ऑगस्टमध्ये निळ्या फुग्यांसारख्या ब्लू बॉटल वाळूवर येतात, त्यांना हुंगलं तरी नाक पेटतं. ‘सोड’ हा शब्द कुत्र्याला कळलाच पाहिजे, तो याचसाठी. चौथी, गळ. जेट्टीवर आमिषासकट टाकलेला गळ कुत्रा गिळतो आणि तोंडातून दोरा लोंबत राहतो. तो दोरा ओढू नका आणि कापूही नका. गळपट्ट्याला सैल बांधून ठेवा आणि तसेच दवाखान्यात या. दोऱ्यावरून आम्हाला गळ शोधता येतो.

घरी आल्यावर गोड्या पाण्याने आंघोळ, कान आणि बोटांच्या बेचक्या कोरड्या, गोचीड तपासणं. पावसाळ्यात किनारा नाहीच. साडेचार मीटरच्या वरची उधाणाची भरती असते आणि तुंबलेल्या पाण्यातून लेप्टोची भीती. लेप्टोस्पायरोसिसची लस वर्षाने पुन्हा घ्यावी लागते, आपल्याकडे ती टाळू नये.

मग न्यायचं कधी? इथे आपल्या कोळ्यांचा हिशेब कामाला येतो. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते. अष्टमीला आठाचे पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी सहाला भरती. त्या दिवशी सकाळी गेलात तर किनारा अरुंद, सगळी माणसं, पोरं, घोडे, भेळवाले एवढ्याशा कोरड्या वाळूत. तुमचा कुत्रा तिथे कुणाच्या ना कुणाच्या अंगावर जाणारच. पौर्णिमेला किंवा अमावास्येला पंधराचे पाऊणपट सव्वाअकरा, भरती सव्वाअकराच्या सुमाराला, आणि ओहोटी त्याच्या सहा-सव्वासहा तास आधी, पहाटे पाचच्या पुढे-मागे. तृतीयेपर्यंत ती सरकत सकाळी आठच्या सुमारास येते. म्हणून पौर्णिमा-अमावास्या आणि त्यापुढचे दोन-तीन दिवस उजाडल्या उजाडल्या गेलात तर ओली, घट्ट, गार वाळू दूरवर पसरलेली असते आणि माणूस तुरळक. पंजे भाजत नाहीत, माणसं लांबून दिसतात. पीरवाडीला मी माझ्या कुत्र्याला अशाच सकाळी नेत असे. फक्त उधाणाचे दिवस असल्याने पाणी परतताना झपाट्याने येतं, तेव्हा खडकांच्या पलीकडे जाऊ नये. खाडीत आतल्या बाजूला या वेळा थोड्या उशिराने धराव्यात.

आणि तेव्हाही पट्टा पूर्ण काढू नका, निदान पुढचे सहा महिने. दहा मीटरचा लांब दोर घ्या, बोटाएवढा जाड, पाण्यात न भिजणारा, आणि तो गळ्याला न लावता छातीच्या हार्नेसला लावा. धावत सुटलेल्या लॅबच्या गळ्याला झटका बसला तर मानेला इजा होते. बटण दाबून गुंडाळणारे पट्टे किनाऱ्यावर नकोत, वाळू शिरून त्यांचा ब्रेक अडकतो. लांब दोर मिळाला की कुत्रीला मोकळं वाटतं आणि दुसरं टोक तुमच्या हातात राहतं.

पट्टा सोडता येईल की नाही हे तिच्या स्वभावावर ठरत नाही. तुमची कुत्री गुणी असेलच, लॅब असतात. हाक मारल्यावर ती भेळेकडे पाठ करून येते का, एवढंच पाहायचं. हे घरात शिकवायला सुरुवात करा. एक शब्द ठरवा, तो रागावताना कधीही वापरायचा नाही. हाक मारली, आली की उकडलेल्या चिकनचा तुकडा. मग जिन्यात, मग सोसायटीच्या आवारात, मग रात्री रिकाम्या मैदानात लांब दोरावर, मग दुसरा कुत्रा दिसत असताना. दहापैकी नऊ वेळा पहिल्या हाकेला आली की पुढची पायरी, नाहीतर मागची. समुद्र हा शेवटचा वर्ग आहे, तुम्ही तिला पहिल्याच दिवशी तिथे बसवलंत.

बहुतेकांची एक चूक मी रोज पाहते. दिवसभरात कुत्र्याला फक्त घरी जायच्या वेळीच हाक मारली जाते. हाक म्हणजे मजा संपली, हे तो आठवड्यात शिकतो आणि यायचं बंद करतो. त्यामुळे तासाभराच्या फिरण्यात तिला निदान वीस वेळा बोलवा. आली की दोर पकडा, तुकडा द्या, कान चोळा आणि म्हणा, ‘जा, खेळ.’ विसाव्या वेळी घरी न्या. कितव्या हाकेला घर, हे तिला कळता कामा नये.